व्हायरस नसलेल्या अकरा फाइली

रविवारी दुपारी साडेबारा वाजता संपदाचे बाबा कॉम्प्युटरसमोर बसून रडले. त्या वेळी घरात आणखी चौघं जण होते आणि आपण असं काही पाहिलं नाही, हे चौघांनीही नंतर ठामपणे सांगितलं. चौघांचं एकमत व्हायला आमच्या सोसायटीत एरवी तीन मीटिंगा लागतात. तेव्हा ते खरंच मानायला हवं. बाबा रडले नाहीत. असं काही घडलंच नाही. आपण आपले गुरुवारपासून सुरुवात करू.

गुरुवारी जितेंद्रकाका म्हणाले, "व्हायरस आहे."

जितेंद्रकाका बाबांचे मित्र. इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. क्लासात दोन कॉम्प्युटर होते आणि कोर्स संपला की सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट मिळायचं. पडद्यावर आईची एक फाइल उघडलेली होती. मराठी अक्षरं असायची तिथे भलतंच काहीतरी दिसत होतं. डोक्यावर टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं, पौंडाची खूण, मध्येच एखादा चौकोन.

"काका, व्हायरस म्हणजे ताप येतो तो?" निकेतने विचारलं. निकेत संपदाचा धाकटा भाऊ, वय वर्षं नऊ.

"तसाच. फक्त कॉम्प्युटरला होतो."

"मग आम्ही हात धुवायचे का?"

काकांनी क्षणभर विचार केला. "धुतलेले बरे," ते म्हणाले.

हे वाक्य संध्याकाळपर्यंत चारही मजले चढून आलं. समोरच्या मंदामावशींनी डांबराच्या गोळ्यांची पुडी आणून कॉम्प्युटरच्या पेटीवर ओळीने सहा गोळ्या मांडल्या. आमच्या गहू-तांदळाला कधी काही झालं नाही, असं त्या म्हणाल्या.

"फॉरमॅट मारावा लागेल," काका बाबांना म्हणाले. "रविवारी अकराला येतो."

"फॉरमॅट मारला की काय होतं?" संपदाने विचारलं.

"सगळं धुऊनपुसून साफ. मशीन नवं कोरं."

"आणि आईच्या फाइली?"

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर एक इमारत उभी राहत होती. भाईंदरमध्ये कुठल्याही खिडकीतून पाहिलं तरी एक इमारत उभी राहतच असते, त्यामुळे त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. तरी बाबा बराच वेळ बघत राहिले.

"कर," ते म्हणाले.

आई मार्चमध्ये गेली होती. दिवाळीपासून ती आजारी रजेवर होती आणि रोज दुपारी दोन बोटांनी कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत बसायची. कुणी जवळ आलं की पटकन पत्त्यांचा खेळ उघडायची. "काय लिहितेस?" असं विचारलं तर "पूर्ण झालं की दाखवते" म्हणायची. पण पूर्ण व्हायच्या आधीच मार्च आला. मागे अकरा फाइली उरल्या. त्यांत काय लिहिलंय हे जगात एकाही माणसाला ठाऊक नव्हतं आणि रविवारी अकरानंतर ते कधीच कुणाला कळणार नव्हतं.

संपदा तेरा वर्षांची होती. मार्चपासून ती रडली नव्हती. सुरुवातीला तिला जमलं नाही, आणि मग बायका "किती समजूतदार पोर" म्हणून तिचं कौतुक करायला लागल्या. एकदा कौतुक झालं की माणसाला मागे फिरता येत नाही.

शुक्रवारी सकाळी तिने वरच्या मजल्यावरच्या ममताला बोलावून आणलं. ममता तिच्याच वर्गातली. जितेंद्रकाकांचा तीन महिन्यांचा कोर्स तिने पूर्ण केला होता आणि सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट तिच्या घरी देवाच्या फोटोशेजारी लावलेलं होतं.

"सोपंय," ममता म्हणाली. "सगळ्या फाइली फ्लॉपीवर उतरवून घेऊ. मग मारू दे फॉरमॅट."

फ्लॉपी आत सरकवली. ड्राइव्हने खर्र-खर्र आवाज काढला, थोडा वेळ गप्प बसला, पुन्हा खर्र-खर्र केलं, आणि आत फ्लॉपीच नाही असं कळवलं.

"फ्लॉपी तर आहे," निकेत म्हणाला.

"मला दिसतेय. त्याला दिसत नाहीये."

"काका म्हणाले की त्यालाही व्हायरस झालाय."

"काका मागे म्हणाले होते की पंख्यालाही झालाय," ममता म्हणाली.

मग त्यांनी एप्रिलमध्ये काकांनी दिलेली सीडी काढली. एका सीडीत पाचशे उपयोगी प्रोग्राम, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. त्यातला एक प्रोग्राम पडद्यावर मासे सोडत होता. एक लंडनमध्ये किती वाजले ते सांगत होता. एका प्रोग्रामला जन्मतारीख दिली की तो तुमचा शुभ दगड कोणता ते सांगायचा. निकेतचा पुष्कराज निघाला. एक प्रोग्राम फक्त बाकीचे प्रोग्राम पुसायच्या कामाचा होता. ही उपयोगी मंडळी बाजूला सारत सारत दुपारी एकदाचा व्हायरस शोधणारा प्रोग्राम सापडला. त्याने चाळीस मिनिटं कॉम्प्युटरचा कोपरा न् कोपरा तपासला आणि शेवटी आकडा दिला. शून्य.

तिघं तळमजल्यावर धावली.

"शून्य कसा असेल?" काका म्हणाले. "नवीन व्हायरस असणार. त्याला अजून नाव पडलेलं नाही, म्हणून यादीत नाही."

"मग बारसं कधी आहे?" निकेतने विचारलं.

काकांनी त्याला बाहेर जाऊन खेळायला सांगितलं.

घरी परत आल्यावर संपदा नुसतीच एकेक फाइल उघडून बघत बसली. पहिली, दुसरी, तिसरी. सातव्या फाइलीला तिचा हात थांबला.

"ममता, पहिली ओळ बघ."

"काय आहे त्यात? कचरा."

"सगळ्यांत तोच कचरा आहे. दोन काड्या, मग हा टोपीवाला, मग परत दोन काड्या. अकराच्या अकरा फाइलींत, वर मधोमध."

ममताने अकराही पाहिल्या. तसंच होतं.

"आई कागदावर आधी वर श्री लिहायची," संपदा म्हणाली. "किराणाच्या यादीवरसुद्धा. व्हायरस कशाला श्री लिहील?"

"भाविक असेल," निकेत म्हणाला.

"गप रे. याचा अर्थ आईने लिहिलेलं सगळं जागच्या जागी आहे. फक्त दिसतंय भलतंच."

ममता आता खुर्चीत ताठ बसली. एप्रिलमध्ये डिस्क भरली म्हणून काकांनी त्याच सीडीतला सफाईचा प्रोग्राम चालवला होता. तो प्रोग्राम बाकी कसाही असला तरी प्रामाणिक होता. आपण काय काय फेकून दिलं याची यादी त्याने मागे ठेवली होती. यादीत चारशे बारा नावं होती. तिघांनी वाटून वाचायला घेतली. दोनशे सदुसष्टावं नाव होतं ‘मार-३’.

"हा फॉन्ट आहे," ममता हळूच म्हणाली. "अक्षरांचा साचा. मराठीचा साचा असला तर त्या टोपीवाल्या खुणा मराठी दिसतात. साचाच फेकून दिला तर टोप्या उरतात."

"म्हणजे काकांनी फेकला?"

"काकांनी प्रोग्रामला सांगितलं. जास्तीचं वाटेल ते फेक म्हणाले. इंग्रजी प्रोग्राम तो, त्याला मराठी जास्तीचंच वाटणार."

ही गोष्ट सांगायला तिघं पुन्हा तळमजल्यावर गेली. काकांना ती फारशी आवडली नाही. "बरं, फॉन्टच पाहिजे ना? माझ्याकडचा टाकतो," असं म्हणून ते वर आले, सीडीवरून एक मराठी फॉन्ट घातला आणि फाइल त्या फॉन्टमध्ये करून दाखवली. आता पडद्यावर खरोखर मराठी अक्षरं दिसायला लागली. फक्त शब्द असे होते: झ्ळफ डुष्ष घीट्ठ. निकेतने ते खणखणीत आवाजात वाचलं आणि समोर मंदामावशींनी दार लावून घेतलं.

"बघा, आतून सडलंय," काका म्हणाले. "रविवारी अकरा."

ते गेल्यावर ममताने आधी फाइल होती तशी केली, आणि मग सांगितलं. प्रत्येक मराठी फॉन्टमध्ये अक्षरांच्या जागा वेगळ्या असतात. एकातला ‘क’ दुसऱ्यात ‘झ’च्या खुर्चीवर बसतो. फॉन्ट तोच हवा. आणि तो एकमेकांकडून उतरवून घेताना लोक त्याला मनाला येईल ते नाव देतात, त्यामुळे ‘मार-३’ मागायला गेलं तर कुणीही दारात उभं करणार नाही.

"नाव उपयोगाचं नाही, तर चेहरा," संपदा म्हणाली. "आईचं छापलेलं काहीतरी पाहिजे."

घरात प्रिंटर नव्हता. पण आई सोसायटीची चिटणीस होती. शनिवारी सकाळी तिघं जिन्याखालच्या नोटीस बोर्डासमोर उभी राहिली. पिवळी पडलेली एक नोटीस अजून तिथेच होती. ‘जिन्यात क्रिकेट खेळू नये. खेळताना आढळल्यास चेंडू परत मिळणार नाही. सौ. मृणालिनी पाष्टे, चिटणीस.’

"ही माझ्यावरच होती," निकेत अभिमानाने म्हणाला.

"‘खेळू’मधला ळ बघा," संपदा म्हणाली. "असा दुसरीकडे नसतो. दोन्ही गोळे फुगलेले आहेत. गाल फुगवून बसल्यासारखा."

ममता बोर्डाजवळ गेली. मग मागे आली. मग चपलेकडे बघायला लागली.

"काय गं?"

"हा ळ मी पाहिलाय."

"कुठे?"

"जाऊ दे ना."

"ममता, उद्या अकरा वाजता काका येणारेत."

"तुमच्याकडचं कार्ड," ममता म्हणाली. "तेराव्याचं. आमच्या घरी आलं होतं ते."

जिन्यावरून कुणीतरी दुधाची पिशवी घेऊन वर गेलं.

त्या कार्डांचा उरलेला गठ्ठा बाबांच्या कपाटात आईच्या साड्यांखाली होता. पन्नास छापली होती, बावीस उरली होती. ती रद्दीत घालणं बाबांना जमलं नव्हतं आणि समोर ठेवणंही जमलं नव्हतं. संपदाने एक बाहेर काढलं. ‘स्थळ’ आणि ‘वेळ’ या दोन्ही शब्दांत तोच ळ गाल फुगवून बसला होता. तिने मधला मजकूर वाचला नाही. एकदम तळाशी गेली. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: हंसा ग्राफिक्स, मोरवा.

जवळच्या मोरवा गावात ती तिघं चालत गेली. हंसा ग्राफिक्स म्हणजे एका घराची पुढची खोली होती. भिंतीवर लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, मुंजीच्या पत्रिका लावलेल्या होत्या. हंसाबेन चष्मा कपाळावर सरकवून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"तू मृणालिनीची छोकरी ना? नाक तेच आहे." त्या उठल्या. "बैठो, बैठो. काय पाहिजे?"

संपदाने सगळं सांगितलं. श्री, टोप्या, यादी, ळ. कार्डाचं सांगायची वेळ आली तेव्हा तिने ते नुसतंच टेबलावर ठेवलं.

हंसाबेननी कार्डावरून अंगठा फिरवला. "वो जब नोटीस छपवाने आई थी ना, तेव्हा इथे बसून सोळा फॉन्ट बघितले तिने. सोळा. मी म्हटलं, बेन, नोटीस आहे, शादी नहीं है. मग हा घेतला. म्हणाली, हा रागावला तरी हसरा दिसतो. घरच्यासाठी पण उतरवून नेला." त्यांनी कार्ड संपदाकडे सरकवलं. "तुझे पप्पा कार्ड छापायला आले तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, कुठला पण घ्या म्हणाले. तो मैंने यही लिया. तिला आवडायचा म्हणून."

त्यांनी फॉन्ट फ्लॉपीवर उतरवून दिला. पैशाचं विचारलं तर त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि काम असल्यासारखं केलं.

"पण आमच्या ड्राइव्हला फ्लॉपी दिसतच नाही," निकेत म्हणाला.

"कब से?"

संपदाने आठवून पाहिलं. "दसऱ्यापासून."

हंसाबेन पहिल्यांदाच हसल्या. "पूजा केली होती? दशहरे के बाद हर साल मेरे पास दस ड्राइव्ह आते हैं. सगळे त्याला फूल-चावल खिलवतात. मग तो कसा वाचणार?" त्यांनी एक स्क्रू-ड्रायव्हर, कापूस आणि स्पिरिटची छोटी बाटली पिशवीत घालून दिली. "पहले प्लग निकालना. और धीरे से."

रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांनी पेटीवरच्या डांबरगोळ्या बाजूला केल्या आणि काम सुरू केलं. प्लग काढून तो निकेतच्या हातात दिला. तो सुटू द्यायचा नाही असं त्याला बजावलं होतं. निकेत जवळजवळ दोन तास प्लग धरून उभा राहिला आणि नाकाला खाज आली तेव्हा त्याने ते भिंतीवर घासलं. ममताने चार स्क्रू काढले. वायरच्या पट्ट्याची लाल कड कुठल्या बाजूला होती ते संपदाने वहीत लिहून ठेवलं, कारण उलटी लावली तर सगळंच मुसळ केरात. ड्राइव्हचं झाकण निघालं.

आत झेंडूची एक वाळलेली पाकळी होती. सगळीकडे हळद-कुंकू बसलं होतं. आणि जिथे फ्लॉपी टेकते तिथे अक्षतांचे तीन दाणे होते.

"आईने भरवलं होतं त्याला," निकेत म्हणाला.

"हो."

"सहा महिने खाल्लं नाही त्याने."

संपदाने चिमट्याने दाणे उचलले आणि कुठे टाकावेत ते न कळून तसेच धरून ठेवले. निकेतने मोकळा हात पुढे केला. तिने दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने ते चड्डीच्या खिशात टाकले आणि खिसा वरून दाबून धरला. मग संपदाने स्पिरिटमध्ये कापूस बुडवून आतलं कुंकू पुसलं. कापूस लाल झाला. दुसरा घेतला. तोही लाल झाला. आईने त्या दिवशी पूजा अगदी मनापासून केली होती.

झाकण लावून प्लग परत बसवला तेव्हा अकराला पाच मिनिटं होती. अकराला बेल वाजली. जितेंद्रकाका फॉरमॅटची सीडी घेऊन आले होते. त्यांना आत घेत बाबा म्हणाले, "राहू दे आता संपदा. काकांना बसू दे."

"बाबा, दहा मिनिटं."

"अगं, त्याने काय होणारे?"

"माहीत नाही. पण फॉरमॅटने काय होणार ते माहितीये."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग काकांना म्हणाले, "जितू, चहा घेतोस?"

फ्लॉपी आत गेली. ड्राइव्हने खर्र केलं नाही. हलकेच गुणगुणला आणि पडद्यावर एकच नाव आलं. ममताने कंट्रोल पॅनेल उघडून फॉन्ट बसवला. संपदाने पहिली फाइल उघडली.

वर मधोमध श्री होता. दोन काड्या, श्री, दोन काड्या. खाली ओळीच्या ओळी मराठी.

चहाचा कप हातात घेऊन काका पडद्याजवळ आले. त्यांनी दोन ओळी वाचल्या. फेकलेल्या मालाची यादी ममताने त्यांच्यापुढे धरली. दोनशे सदुसष्टाव्या नावाखाली पेन्सिलने रेघ होती. काकांनी ती यादी शांतपणे वाचली.

"चूक माझी," ते बाबांना म्हणाले. "दत्ता, मी पुसून टाकलं असतं रे सगळं." मग मुलांकडे वळले. "शाबास. तुम्ही तिघंही माझ्या क्लासला या. फुकट."

"मी केलाय तो क्लास, काका," ममता म्हणाली. "म्हणूनच दोन दिवस लागले."

काकांनी तेही ऐकून घेतलं. मंदामावशी दारातूनच म्हणाल्या की आईची पोरं आहेत, हुशार असणारच. आणि आपल्या डांबरगोळ्या मोजून परत घेऊन गेल्या.

मग सगळे फाइली वाचायला बसले. पहिली होती नगरपरिषदेला: पाणी दिवसाआड येण्याबाबत. दुसरी गटारावरच्या झाकणाबाबत. तिसरी खांबावरच्या दिव्याबाबत, चौथी त्याच दिव्याबाबत, स्मरणपत्र. आजारी रजेवरची आई रोज दुपारी भाईंदर दुरुस्त करत बसली होती. एकीतही संपदाचं नाव नव्हतं, निकेतचं नव्हतं. दहावी डासांच्या फवारणीची निघाली.

"एवढंच?" निकेत म्हणाला.

संपदालाही तेच विचारायचं होतं.

अकरावी फाइल बाबांनी स्वतः उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले. विषयाच्या ओळीपर्यंत ते पोचले आणि त्यांचा आवाज गेला. घड्याळात साडेबारा झाले होते. काका कपातल्या संपलेल्या चहाकडे बघत होते, ममता छताकडे आणि निकेत खिशाकडे. संपदा पडद्याकडे बघत होती, कारण पुढचं वाचायचं काम तिच्यावर आलं होतं.

॥ श्री ॥

दि. ९ मार्च १९९७

प्रति,
मा. संबंधित अधिकारी,
(पत्ता समजल्यावर भरणे)

विषय : मुदतवाढ मिळण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, मला देण्यात आलेली मुदत अपुरी असल्याचे डॉक्टरांकडून तोंडी समजले. लेखी काहीही मिळालेले नाही. माझ्याकडील कामे अपूर्ण आहेत, ती अशी की, माझी मुलगी कु. संपदा हिला स्वतःची वेणी घालता येते, परंतु मागचा भांग सरळ पडत नाही व तो तिला दिसत नाही. मुलगा चि. निकेत यास बुटाची नाडी बांधता येत नाही. बांधतो असे तो सांगतो. पती श्री. दत्ताराम यांना चहा करता येतो, परंतु गॅस बंद केल्याचे त्यांच्या लक्षात राहत नाही.

तरी मुलगी दहावी उत्तीर्ण होईपर्यंत मुदतवाढ मिळावी. हे नियमात बसत नसल्यास नाडीपुरती मिळावी. तेही शक्य नसल्यास येत्या उन्हाळी सुट्टीतील कोणताही एक दिवस मंजूर व्हावा, शक्यतो सकाळी, पाणी येण्याच्या वेळेत. त्या दिवशी मी इतर कोणतीही मागणी करणार नाही.

सदर अर्जाची पोच माझ्या घरच्या पत्त्यावर लवकरात लवकर मिळावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
सौ. मृणालिनी दत्ताराम पाष्टे